स्वतःला ओळखायचंय? एक कागद घ्या आणि चार खाने पाडा

मी कसा आहे ते मला माहितीये असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं, मग जोहरी विंडो करून बघितली, म्हणजे आपण स्वतःला कसे वाटतो आणि लोकांना कसे वाटतो ते चार खान्यांत ताडून बघायचं. नाव ऐकून कुणी जोहरी आडनावाचे काका असतील असं वाटलेलं, पण ते जो आणि हॅरी, म्हणजे जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम, दोघं अमेरिकेतले सायकॉलॉजिस्ट, १९५५ ची गोष्ट.

यासाठी स्वभावाच्या विशेषणांची यादी लागते, नेहमी वापरतात त्या यादीत पन्नासेक असतात, एवढी नकोत, शांत, हळवा, बोलका, उतावळा अशी वीसेक लिहा. स्वतःची पाच-सहा निवडा आणि तीच कोरी यादी ओळखीच्या चार जणांना द्या, त्यांनी तुमच्यासाठी निवडायचं. तुमची टिक दाखवू नका हां, नाहीतर लोक हो ला हो करतात. एक तरी तोंडावर बोलणारा हवाच.

दोन्हीकडे आलेलं पहिल्या खान्यात, फक्त त्यांनी निवडलेलं दुसऱ्यात, फक्त तुमचं तिसऱ्यात, उरलेलं चौथ्यात. खरा माल दुसऱ्यात, जगाला दिसतं पण आपल्याला नाही ते. मी 'शांत'वर टिक केलेली, चौघांपैकी एकानेही नाही, उलट तिघांचं 'उतावळा'. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "दादा, तू समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ दिलंयस..." मी लगेच "अगं पण", आणि तिचं अजून संपलंच नव्हतं.

म्हणून वाद घालू नका, उदाहरण मागा, आणि एकच गोष्ट उचला. मी सध्या फोनवर समोरचा थांबला की मनात तीनपर्यंत मोजतो, आई विचारते, "हॅलो, आहेस ना?"