हिमालयातील हिमनद्या आणि २०३५ चा दाखला : वाद घालताना या चुका टाळा

जागतिक तापमानवाढीवरील वादात ‘आयपीसीसी’चे, म्हणजे हवामानबदलाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीचे, नाव निघाले की कोणीतरी २०३५ चा दाखला हमखास देतो. या समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता वर्तवली होती. त्या विधानाला पुरेसा आधार नसल्याचे समितीने जानेवारी २०१० मध्ये मान्य केले.

संस्थेचे नाव मोठे म्हणून संदर्भ न उघडणे, ही पहिली चूक. या विधानाला आधार होता ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा, त्या अहवालाला ‘न्यू सायंटिस्ट’ या विज्ञानविषयक साप्ताहिकातील १९९९ च्या बातमीचा आणि बातमीला एका शास्त्रज्ञाशी झालेल्या संभाषणाचा, समीक्षित, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेला, शोधनिबंध या साखळीत एकही नव्हता. शिवाय आकडेही जुळत नव्हते. ‘आयपीसीसी’च्या अहवालाच्या त्याच भागात हिमालयीन हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे ३० लाख हेक्टर, म्हणजे ३०,००० चौरस किलोमीटर दिले होते आणि २०३५ पर्यंत ते ५,००,००० वरून १,००,००० चौरस किलोमीटरवर येईल, असे म्हटले होते. हे दुसरे आकडे वस्तुतः ध्रुवप्रदेश वगळता साऱ्या जगातील हिमनद्यांचे होते आणि ते जिथून आले त्या १९९६ च्या अहवालात त्यांच्यापुढे साल होते २३५०. हेक्टरांचे चौरस किलोमीटर करून पाहिले असते, तरी शंका आली असती.

उलट बाजूची चूक अशी की, या एका विधानावरून सगळा अहवाल मोडीत काढला जातो. विधान परिणामांविषयीच्या दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात होते. तापमानवाढीची भौतिक कारणमीमांसा पहिल्या गटाच्या स्वतंत्र खंडात होती आणि तिचा २०३५ शी काही संबंध नव्हता. चूक जाहीरपणे दाखवून देणाऱ्यांत हिमनद्यांचे अभ्यासकच होते, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

पर्यायी स्रोतालाही हाच निकष लावावा. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा, हिमनद्या असाधारण वेगाने घटत असल्याचे दिसत नाही असे म्हणणारा, चर्चानिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ‘आयपीसीसी’चे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू सायन्स’ (जादूटोण्याचे विज्ञान) अशी संभावना केली. पुराव्याऐवजी शेलका शब्द वापरण्याची चूक अध्यक्षांनाही टाळता आली नाही. तरीही तो निबंध समीक्षित नव्हता, आणि आज त्याच्या जोरावर हिमनद्या सुरक्षित असल्याचे सांगणाऱ्याने नंतरची मोजणी पाहिलेली नसते. २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधील समीक्षित शोधनिबंधात अमेरिकी हेर उपग्रहांच्या जुन्या छायाचित्रांवरून सुमारे ६५० हिमनद्या मोजल्या गेल्या, २००० ते २०१६ मधील बर्फ घटण्याचा वेग १९७५ ते २००० च्या मानाने दुप्पट निघाला.