लिंकचा पत्ता उलटा वाचा
मेल खरा की भामट्याचा, हे ओळखायचंय? मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव कुणीही हवं ते टाकू शकतो, त्यावर विसंबू नका. लिंकवर क्लिक न करता माउस नुसता तिच्यावर न्या. मोबाइलवर ती दाबून धरा. खरा पत्ता दिसेल. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. ‘बँक डॉट कॉम डॉट लॉगिन-तपासणी डॉट नेट’ असं असेल, तर ती साइट बँकेची नाहीच, ‘लॉगिन-तपासणी डॉट नेट’च्या मालकाची आहे. त्याआधी तो काहीही लिहू शकतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हानेही निर्धास्त होऊ नका. ते भामट्यांनाही फुकट मिळतं.

पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या ॲपने, नेहमीचा पासवर्ड आपोआप भरला नाही, तर थांबा. पत्ता जुळत नाही म्हणूनही तो गप्प असू शकतो. अशा वेळी हाताने टाइप करणं फार महागात पडू शकतं.

फसव्या साइटवर पासवर्ड दिलाच गेला असेल, तर खरा पत्ता स्वतः टाइप करून तो लगेच बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा नियम कुणी घातलाय का, तेही बघा. तो राहिला, तर पासवर्ड बदलूनही तुमचे मेल भामट्यांकडे जात राहतात.