ऑक्लुजल प्लेन : मेणाच्या रिमपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत

प्रॉस्थोची (कृत्रिम दातांच्या विभागाची) पोस्टिंग लागते, पहिली पूर्ण कवळी हातात येते आणि जॉ रिलेशनच्या, म्हणजे वरच्या-खालच्या जबड्यांचं नातं नोंदवायच्या, दिवशी जवळपास सगळेच एका ठिकाणी अडकतात : ऑक्लुजल प्लेन, म्हणजे वरचे-खालचे दात जिथे भेटतात ती पातळी. वरच्या रिमची (दातांच्या जागी बसवायच्या मेणाच्या कडेची) उंची तोंडपाठ असते : पुढे 22 मिमी, मागे 18. हे आकडे रिम बनवायला आहेत. रिम एकदा पेशंटच्या तोंडात गेली की पट्टी खाली ठेवायची आणि चेहऱ्याकडे बघायचं.

त्याआधी खुर्ची सरळ करा. पेशंट मागे रेललेला असेल किंवा हेडरेस्टने मान एका बाजूला ढकलली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. तुमचे डोळे पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीला हवेत. उभं राहून वरून बघितलं की सरळ रिमही तिरकी वाटते. ज्युनियर ‘सर, रिम डावीकडे उतरलीय’ म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा मानच कललेली असते.

सुरुवात पुढून. ओठ सैल सोडल्यावर वरच्या रिमची कड ओठाखाली एक-दोन मिलिमीटर दिसावी. वयाबरोबर ओठ लांबतो आणि सैलावतो, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांची कड ओठाच्या बरोबरीने राहिली तरी चालतं. मग बोलतं करा. पुस्तकं ‘फ’ आणि ‘व’ म्हणवून घ्यायला सांगतात, पण आपले बरेच पेशंट ‘फ’ दोन्ही ओठांनी उच्चारतात. त्यावरून काहीच कळत नाही. मी एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस मोजायला लावतो. ‘वी’ म्हणताना रिमची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेला अलगद टेकायला हवी.

मग फॉक्स प्लेन, म्हणजे रिमला टेकवून धरायची सपाट पट्टी. समोरून ती डोळ्यांच्या बाहुल्या जोडणाऱ्या रेषेला समांतर हवी, बाजूने नाकपुडीच्या कडेपासून ट्रॅगसपर्यंतच्या (कानाच्या छिद्रापुढचा उंचवटा) रेषेला. ही दुसरी कॅम्परची रेषा. पेट्रस कॅम्पर हा 18 व्या शतकातला डच शरीरशास्त्रज्ञ. तो चेहऱ्याचे कोन मोजत होता, कवळ्या त्याच्या डोक्यातही नव्हत्या. ट्रॅगसचा वरचा बिंदू धरायचा, मधला की खालचा, यावर पुस्तकांचं एकमत नाही, आणि बिंदू बदलला की कोन बदलतो. म्हणून माझ्या मते ही रेषा साक्षीदार म्हणून ठीक, न्यायाधीश म्हणून नाही. निकाल तोंडातल्या खुणांनी द्यायचा. वर गालाच्या आतल्या बाजूला पॅरोटिड लाळग्रंथीच्या नळीचं तोंड दिसतं, प्लेन त्याच्या काही मिलिमीटर खाली येते. खाली रेट्रोमोलर पॅड, म्हणजे शेवटच्या दाढेमागची मऊ गादी : खालच्या रिमची मागची बाजू पॅडच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीवर संपली पाहिजे, त्याच्या वर नाही. जीभ सैल असताना तिची कड साधारण याच पातळीला येते.

हे पॅड किती महत्त्वाचं, ते मला एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी पटवलं. कवळी दुसरीकडून करून आणलेली, दिसायला उत्तम. तक्रार एकच : “डॉक्टर, घास गालात जाऊन बसतो, बोट घालून काढावा लागतो. चारचौघांत जेवायची लाज वाटते.” आरसा आत घातला तर खालच्या दाढा पॅडच्याही वर गेलेल्या. जिभेला तेवढी भिंत ओलांडून घास दाढांवर परत आणता येत नव्हता, आणि प्रत्येक प्रयत्नात कवळी उचलली जात होती. घासून भागण्यातलं हे नव्हतं. नवीनच करावी लागली. उलट प्लेन फार खाली गेली तर जीभ दाढांवर पसरते आणि चावली जाते.

स्वतःचे दात असलेल्या पेशंटमध्ये प्रश्न वेगळा. खालची दाढ काढून वर्षं लोटलेली असतात आणि समोरची वरची दाढ त्या रिकाम्या जागेत उतरलेली. तिच्याशी जुळवून खाली ब्रिज दिला तर बिघडलेली प्लेन कायमची पक्की होते. कास्टवर (दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर) ब्रॉडरिक फ्लॅग लावून, म्हणजे चार इंच त्रिज्येच्या कंसाने दातांची योग्य पातळी आखून, आधी बघा दाढ किती घासावी लागेल, रूट कॅनाल लागेल की ऑर्थोवाले (दात सरळ करणारे) मिनिस्क्रूने, म्हणजे हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूने, ती वर ढकलून देतील.

ओरल सर्जरीला जाणाऱ्यांनी हे सगळं ‘प्रॉस्थोचं काम’ म्हणून सोडू नये. लहानपणी हनुवटीवर पडून जबड्याचा सांधा जखडलेली मुलं ओपीडीत येतात. त्या बाजूचा खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी तिकडेच वळते, वरचा जबडाही त्या बाजूला खाली उतरत नाही आणि प्लेन तिकडे वर चढते. दातांत आडवी लाकडी पट्टी धरायला सांगा, तिरकेपणा लगेच दिसतो. साधारण चार अंशांपुढे गेला की बिनडॉक्टर माणसालाही जाणवतो. आधी सांधा मोकळा, प्लेन नंतर.

बाजूने बघताना सेफॅलोग्रामवर (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर) फ्रँकफर्ट रेषेशी (कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेषा) प्लेनचा कोन सरासरी 8 अंश, चार इकडे-तिकडे. दोन्ही जबडे एकत्र फिरवून हा कोन कमी केला की हनुवटी पुढे येते, वाढवला की मागे जाते. स्लीप ॲप्नियात (झोपेत श्वास अडण्याच्या आजारात) मागचा श्वासमार्ग मोकळा करायला याच फिरवण्याचा उपयोग होतो. फेसबोने (वरच्या जबड्याची कवटीशी असलेली जागा नोंदवणाऱ्या चौकटीने) बसवलेल्या मॉडेलवरचा कोन आणि सेफॅलोग्रामवरचा कोन मात्र ताडून बघा. यात काही अंशांचा फरक सहज पडतो, मग स्प्लिंट (ऑपरेशनमध्ये जबडे ठरलेल्या जागी बसवणारा साचा) चुकीच्या जागी बसतो. संगणकावर प्लॅनिंग करत असलात तरी डोकं नैसर्गिक स्थितीत कसं होतं याची नोंद तुम्हालाच द्यावी लागते.

थिएटरमध्ये पेशंट आडवा, डोळे झाकलेले, नाकातल्या ट्यूबने नाक ओढलेलं. नजरेवर विसंबायची सोय नाही. म्हणून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून सुळ्याच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी आदल्या दिवशी मोजून केसपेपरवर लिहा, आणि ल फोर्टच्या (वरचा जबडा कापून हलवण्याच्या ऑपरेशनच्या) प्लेट्स आवळण्याआधी पुन्हा मोजा. पहिल्या आठवड्यात नातेवाईक विचारणारच, “तोंड अजून वाकडंच दिसतंय हो?” सूज दोन्हीकडे सारखी नसते. तेव्हा गालाकडे न बघता बाइट, मिडलाइन (दातांची मधली रेषा) आणि इलॅस्टिक (जबडे बांधणारी रबरं) तपासा. लाकडी पट्टीची चाचणी सूज उतरून तोंड नीट उघडायला लागल्यावर करा.