नवे संगीत नाटक कसे लिहावे आणि रंगमंचापर्यंत कसे न्यावे

संगीत नाटक लिहायला घेणारे बहुतेक जण आधी गद्य नाटक पूर्ण करतात आणि मग त्यात पदांसाठी, म्हणजे नाटकातल्या गाण्यांसाठी, जागा शोधतात. ही सुरुवातच नाटकाला मारक ठरते, कारण अशा नाटकातले पद काढून टाकले तरी कथा एका पावलानेही अडत नाही, आणि जे काढल्याने काही अडत नाही ते प्रेक्षकाला दुसऱ्या अंकापर्यंत नकोसे होते. संगीत नाटक पहिल्या टिपणापासून कानाने लिहावे लागते आणि पुढे निर्मात्यापर्यंतही ते कानावाटेच पोहोचवावे लागते.

कथेची निवड

कथा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: यातली माणसे गायला का लागतील? किर्लोस्कर, देवल, खाडिलकर या जुन्या नाटककारांच्या काळी पौराणिक आणि सामाजिक कथांतली माणसे गात, हे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेले होते. आजच्या प्रेक्षकाला ती सवय राहिलेली नाही, म्हणून गाण्याचे कारण कथेतच असलेले बरे. ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात गायकी हाच संघर्षाचा विषय आहे. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त (2017) तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई अशा दोघीच रंगमंचावर असतात, आणि ज्या घरात अभंग हाच श्वास आहे तिथे गाणे उपरे वाटत नाही.

पुढचे सारे समजावे म्हणून एक कथा हाताशी घेऊ. गोव्यात आजही गावोगावी जत्रेच्या निमित्ताने मराठी नाटके होतात. अशा एका गावात पन्नास वर्षे नाटकांना ऑर्गनची साथ करणारे गृहस्थ वारले आहेत आणि शहरात राहणारी त्यांची मुलगी तो ऑर्गन विकायला गावी आली आहे. एवढे सूत्र पुरेसे आहे. ते दहा-बारा ओळींत लिहून दोन जाणत्या माणसांना तोंडी सांगावे, आणि सांगताना आपण जिथे अडखळतो तिथे खूण करून ठेवावी.

पदांच्या जागा

आता प्रवेशांची यादी करावी आणि प्रत्येक प्रवेशासमोर पात्राला काय हवे आहे आणि ते बोलून का मिळत नाही, हे दोन रकान्यांत लिहावे. जिथे दुसऱ्या रकान्याचे उत्तर ठाम आहे तिथेच पद येऊ द्यावे. ऑर्गनच्या कथेत गिऱ्हाईकाशी किमतीची घासाघीस गद्यातच व्हावी. गिऱ्हाईक गेल्यावर मुलगी झाकण उघडते, सवयीने पाय भात्याच्या पट्टीवर ठेवते आणि पट्टी दाबल्याबरोबर वडिलांनी शेवटचे वाजवलेले काहीतरी पुन्हा सुरू होईल असे तिला क्षणभर वाटते. हे ती कोणाला सांगणार? पदाची जागा ही आहे.

संख्येबाबत हात आखडता ठेवावा. सुरुवातीच्या संगीत नाटकांत शंभराहून अधिक पदे असत, पण प्रयोग रात्रभर चालत आणि लोक मुख्यतः गाणे ऐकायला येत. आज सव्वादोन-अडीच तासांचा प्रयोग धरला आणि एक पद सरासरी चार मिनिटांचे मानले, तर चौदा पदांतच जवळजवळ एक तास जातो. ‘मत्स्यगंधा’पासून (1964) संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर केले, मैफलीसारखा विस्तार कमी केला आणि त्यामुळे प्रवेशाची गती टिकली. ही शिस्त मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. चांगला गायक मिळाला की लेखकालाही मोह होतो, आणि तो आवरावा लागतो.

आधी चाल की आधी शब्द?

दोन्ही वाटा मराठी रंगभूमीने चोखाळलेल्या आहेत. जुन्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या प्रचलित गाण्याची पहिली ओळ दिलेली आढळते. लेखक साकी, दिंडी, लावणी किंवा भजनाच्या परिचित चालीवर शब्द बसवत असे. ‘स्वयंवर’साठी (1916) गायक भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशी पुढे ठेवल्या आणि खाडिलकरांची पदे त्यांवर उभी राहिली. नवख्या लेखकाने मात्र मुखड्याच्या, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या, दोन ओळी स्वतः लिहाव्यात, त्यांवर संगीतकाराकडून चाल घ्यावी आणि मग चालीच्या सोयीने अंतरे, म्हणजे पुढची कडवी, लिहावेत, असा माझा आग्रह आहे. अर्थाची सूत्रे लेखकाकडे राहतात आणि चालीलाही मोकळीक मिळते.

वर सांगितलेल्या प्रसंगात मुलगी ऑर्गनला उद्देशून गाते असे समजू:

भात्यात तुझ्या रे श्वास कुणाचा होता
तो सूर नव्हे, तो बापच बोलत होता

दोन्ही ओळी बावीस मात्रांच्या आहेत आणि दोन्ही आकारावर संपतात, त्यामुळे गायिकेला शेवटचा सूर हवा तितका लांबवता येतो. ही गोष्ट लहान वाटली तरी तिच्यावर पद तरते किंवा बुडते. ‘स्तब्ध’ या शब्दावर सूर ठेवता येत नाही, तो तोंडातच मिटतो; ‘मुका’ या शब्दावर ठेवता येतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ज्या अक्षरावर येणार ते अक्षर अर्थाच्या दृष्टीनेही वजनदार असावे, नाहीतर समेवर ‘आणि’ किंवा ‘तर’ असला शब्द ठासून ऐकू येतो. म्हणून प्रत्येक ओळ टेबलावर ठेका धरून मोठ्याने म्हणावी. आपल्याला गाता येत नसले तरी हे करता येते, आणि ते टाळू नये.

लेखी करार

चाली तयार होण्याआधीच संगीतकाराशी, आणि पदे दुसऱ्याने लिहिली असतील तर त्या कवीशी, साधा लेखी करार करावा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहिता, पदे आणि संगीत यांवरचे हक्क वेगवेगळे असतात, आणि ते कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. तुकोबांचा अभंग कोणीही घ्यावा, पण त्याला आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल परवानगीशिवाय वापरता येत नाही. प्रयोगागणिक कोणाला किती मानधन मिळेल, निर्माता बदलला तर काय, ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे, हे तीन मुद्दे करारात असलेच पाहिजेत. मैत्री आहे म्हणून हे पुढे ढकलू नये. मैत्री टिकावी म्हणूनच ते आधी करायचे असते.

ऐकवणे

माझी पहिली संहिता मी एका निर्मात्याकडे टंकलिखित स्वरूपात दिली होती. सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा पदांची पाने एकमेकांना चिकटलेलीच होती, म्हणजे ती कोणी उलटलीही नव्हती. कागदावरचे पद वाचणाऱ्याला कवितेसारखे दिसते आणि कविता म्हणून ते बहुधा सामान्यच असते. त्या वाचकाला तरी दोष कसा द्यावा?

तेव्हा वाचन ठेवावे. पेटी, तबला, दोन-तीन गाणारे नट आणि शाळेचा एखादा वर्ग एवढ्यावर ते होते. तीस-चाळीस माणसे बोलवावीत आणि त्यांत नात्यागोत्याबाहेरची निम्मी तरी असावीत. लेखकाने श्रोत्यांकडे तोंड करून बाजूला बसावे आणि संहितेच्या प्रतीवर, पद सुरू होताना माणसे पुढे सरकतात की मागे रेलतात, याची नोंद करावी. पूर्ण नाटक तयार नसेल तरी चालेल. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले ते सातांपैकी पहिल्या चारच अंकांचे होते. एक अंक आणि चार पदे नीट बसली असतील तर ती ऐकवावीत आणि त्याच चार पदांचे साधे, स्वच्छ ध्वनिमुद्रण करून ठेवावे.

स्पर्धा आणि निर्माते

नव्या लेखकासाठी दोन वाटा आहेत. एकांकिका स्पर्धांमधून पुढे आलेली नाटके व्यावसायिक रंगभूमीवर गेल्याची उदाहरणे आहेत, आणि ‘देवबाभळी’चा प्रवासही एकांकिकेपासूनच सुरू झाला. दुसरी वाट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची. तिथे संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते. प्रवेश संस्थेच्या नावे घ्यावा लागतो, म्हणून गावातल्या हौशी मंडळाशी वेळेवर बोलावे. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धांमुळे संगीत नाटक करणारी मंडळे आणि जाणकार साथीदार दोन्ही टिकून आहेत. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पदांसह पूर्ण संहिता द्यावी आणि तारखेच्या बऱ्याच आधी द्यावी.

निर्मात्याकडे जाताना ध्वनिमुद्रण, दोन पानी कथासार आणि पात्रांची व वाद्यांची यादी न्यावी. तो मनातल्या मनात हिशेब करणार: किती नटांची नाइट (प्रयोगागणिक मानधन), किती साथीदार, नेपथ्य एका टेम्पोत बसते का, दौऱ्यावर एक बस पुरते का, नाट्यगृहाचे भाडे आणि जाहिरात निघायला किती खुर्च्या भरायला हव्यात. हा हिशेब लेखकाने आधीच करून ठेवला असेल तर बोलणे पुढे सरकते. ऑर्गनच्या नाटकात मुलगी, गिऱ्हाईक, गावातला जुना नट आणि स्मृतीत दिसणारे वडील अशी चार पात्रे, ऑर्गन आणि तबला हे दोनच साथीदार आणि एकच घर पुरते. शनिवार-रविवारी दोन प्रयोग लागले तर मुख्य गायिकेच्या गळ्याचे काय, हा प्रश्नही तो विचारील. तिची सगळी मोठी पदे एकाच अंकात येणार नाहीत अशी मांडणी केली असेल आणि पर्यायी गायिकेचे नाव तयार असेल, तर उत्तर देता येते.

नकार येतील. त्यांत कारण सांगितलेले असेल तर ते तारखेसह लिहून ठेवावे. तीन वेगळ्या माणसांनी एकाच प्रवेशाकडे बोट दाखवले तर तो प्रवेश पुन्हा लिहावा.

पहिल्या प्रयोगांनंतर

शुभारंभानंतरच्या पाच-सहा प्रयोगांत लेखकाने शेवटच्या रांगेत बसावे. तिथे शब्द पोहोचत नसेल तर दोष आवाजयंत्रणेचा आहे की जोडाक्षरांचा, हे तिथेच कळते. वन्समोअर घ्यायचा की नाही, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवावे आणि नटांना सांगावे. एखादे पद गाळावे लागेल, बहुधा लेखकाला सर्वांत आवडणारेच. ते गाळावे, पण त्याची चाल जपून ठेवावी. मध्यंतरानंतर पडदा उघडण्याआधी अंधारात ती ऑर्गनवर नुसती वाजवली, तर शेवटच्या प्रवेशात मुलगी झाकण लावते तेव्हा तेच सूर पुन्हा आणता येतात.