चिमणीचा पाइप घोंघावतोय? या चुका टाळा

स्वयंपाकघरातली चिमणी आवाज करायला लागली की लोक थेट मोटरवर येतात. "मोटर गेली वाटतं, बदलून टाका." पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चिमण्या बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्या अनुभवावरून सांगतो, मोटर क्वचितच दोषी निघते. बहुतेक वेळा आवाज असतो हवेच्या वाटेचा. चिमणीच्या तोंडापासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचा पाइप लॉफ्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर दडलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. मोटरचे पैसे भरले जातात आणि घोंघावणं तसंच राहतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून कुणालाही बोलवण्याआधी एक परीक्षा करा. गॅस बंद असू द्या. चिमणीचा प्लग काढा, वरच्या तोंडाची पट्टी सैल करून पाइप सोडवा, मग पुन्हा प्लग लावून चिमणी मिनिटभर पूर्ण वेगावर चालवा. पंखा उघडा झाल्यामुळे वाऱ्याचा भरभर आवाज येईल, तो सोडून द्या. घोंघावणं किंवा शिट्टी नाहीशी झाली तर दोष पाइपात आहे. घरघर, खरखर किंवा थरथर तशीच राहिली तर ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा आतला पंखा, नाहीतर त्याचं बेअरिंग बघायचं. त्या उघड्या तोंडात हात घालू नका, आत पंखा फिरत असतो. एवढी परीक्षा न करता जो कारागीर मोटरचा भाव सांगायला लागतो, त्याला मी तरी काम देणार नाही.

भिंतीतलं भोक लहान ठेवणं

सगळ्यात जास्त घरांत सापडणारी आणि सगळ्यात महागात जाणारी चूक हीच. घरगुती चिमणीचं तोंड बहुधा ६ इंची असतं. पण भिंतीत भोक ४ इंचीच असतं, म्हणून मध्ये रिड्यूसर लावून पाइप अरुंद केला जातो. "दोनच इंचांचा तर फरक आहे" असं म्हणणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. ६ इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, ४ इंचीचं साडेबारा. निम्म्याहूनही कमी. तेवढीच हवा बाहेर जायची तर तिला सव्वादोन पट वेगानं जावं लागेल. पाइपातल्या हवेचा वेग दुप्पट झाला तर आवाज साधारण १५ ते १८ डेसिबलनं वाढतो, आणि १० डेसिबल वाढले की कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. त्यात घरगुती मोटर एवढा दाब पेलूच शकत नाही, म्हणून हवा कमी जाते आणि धूर ओट्यावरच फिरत राहतो. आवाजही आला आणि धूरही राहिला.

कर्वेनगरमधल्या एका घराची गोष्ट सांगतो. नवा फ्लॅट, मॉड्युलर किचन, टाइल्स लागलेल्या. चिमणी पहिल्या दिवसापासून इतकी गरजायची की काकू फोडणी झाली की लगेच ती बंद करायच्या. वॉरंटीत मोटर बदलून झाली. फरक शून्य. मग मुलानं इंटरनेटवर वाचलं की ओढ कमी पडत असेल, आणि ताशी १००० घनमीटरची चिमणी काढून १४०० ची आणली. आता आवाज आणखी वाढला आणि भजी तळताना धूर तसाच डोळ्यांत जायला लागला.

मी गेलो तेव्हा आधी चिमणी बघितलीच नाही. ड्राय बाल्कनीत जाऊन बाहेरच्या तोंडासमोर हात धरला. हवा हाताला टोचत होती, पण तिचा झोत मनगटाएवढाच. लॉफ्टमध्ये चढलो तर ६ चा ४ केलेला रिड्यूसर, त्याला लागूनच काटकोनातला कोपर, म्हणजे पाइप वळवणारा जोड, आणि रिड्यूसरमध्ये चार स्क्रू आतपर्यंत घुसलेले. प्रत्येक स्क्रूच्या टोकावर काळ्या तेलाचा गोळा धरलेला. भोक ४ इंची का, हे विचारल्यावर कळलं की बाथरूमच्या ड्रेन पाइपासाठी आणलेला कटर मशीनला लावलेलाच होता, त्यानंच हेही भोक मारून घेतलं. कटर बदलायला दहा मिनिटं लागली असती.

मुलाला टाइल फुटायची भीती होती, ती योग्यच होती. म्हणून आधी मधोमध आरपार बारीक भोक पाडलं, मग आतून फक्त टाइलपुरतं कापलं आणि बाकीची भिंत बाहेरून कापत आणली. भोक साडेसहा इंची केलं, म्हणजे ६ इंची पाइप सुटसुटीत जातो आणि भोवती सील भरायला जागा राहते. रिड्यूसर काढून टाकला, काटकोनाच्या जागी ४५ अंशांचे दोन कोपर दिले. त्यानंतर दुसऱ्या वेगावर चिमणी चालू ठेवून ओट्याशी साध्या आवाजात बोलता येत होतं. ती १४०० ची चिमणी आता पहिल्याच वेगावर चालते, कारण त्या घराला तेवढीच लागते. जुनी १००० ची व्यवस्थित पुरली असती, पण ती तोपर्यंत मातीमोल भावात गेली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

६ इंची भोक खरंच शक्य नसेल तर ५ इंची करा. त्याचं क्षेत्रफळ जवळपास २० चौरस इंच भरतं, कमी वेगावर चालतं. मात्र वाटेत बीम असेल तर त्याला हात लावू देऊ नका. "थोडंसंच कापतो" म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. बीम चुकवून पाइप खालून घ्या, नाहीतर खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून काढा.

उरलेला पाइप लॉफ्टमध्ये कोंबणं

अ‍ॅल्युमिनियमचा लवचीक पाइप दाबलेल्या अवस्थेत खोक्यातून येतो आणि ओढला की लांब होतो. घरात गरज असते ५ फुटांची, आलेला असतो १० फुटांचा. कापायचा कंटाळा म्हणून उरलेला तसाच वळकटी करून आत ढकलला जातो. नवीन पोरं हे हमखास करतात, आणि विचारलं तर सांगतात, "काका, पुढे चिमणी सरकवायची झाली तर लागेल." कुणी चिमणी सरकवत नाही.

हा पाइप पूर्ण ताणला तरी आतून घड्यांचा असतो. सैल सोडला की त्या घड्या दाट होतात, प्रत्येक घडीवर हवा अडखळते आणि फडफड ऐकू येते. शिवाय सैल पाइप मधे लोंबतो. त्या झोळात तेल साचतं. आपल्याकडे रोजची फोडणी असते, दिवाळीत आठवडाभर चकल्या-करंज्यांचा घाणा असतो, मासे खाणाऱ्या घरात तळणं वरचेवर. ते तेल कुठेतरी बसणारच, आणि ते झोळात बसतं. दिवाळीनंतर "पाइपातून गुळगुळ आवाज येतो" असे फोन येतात, ते यामुळेच. असा पाइप मी उतरवतो तेव्हा आधी खाली पातेलं धरतो.

माझी पद्धत साधी आहे. पाइप दोघांनी धरून पूर्ण ताणायचा, मोजायचा, लागेल तेवढाच ठेवायचा आणि उरलेला कात्रीनं कापून घराबाहेर न्यायचा. दर दोन फुटांवर पत्र्याची रुंद पट्टी लावून वरून टांगायचा. उतार थोडासा बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. चिमणीच्या तोंडावर निदान दीड फूट सरळ जाऊ द्यायचा, मग वळण. तोंडावरच वळवलात तर ब्लोअरमधून गरगरत निघालेली हवा तिथेच आपटते आणि आवाज कायमचा मागे लागतो. मी तर जमेल तिथे लवचीक पाइप टाळून गुळगुळीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइपच लावतो. पीव्हीसीसुद्धा आतून गुळगुळीत असतो आणि आवाज कमी करतो, हे खरं. पण कढईतली ज्वाळ कधी वर गेली आणि तेलकट पाइपानं पेट घेतला तर पीव्हीसी जळतो, म्हणून माझ्या हातून तो लागत नाही.

धुताना क्लिप काढून टाकणं

पाइप सोडूनही थरथर राहिली आणि नुकतीच चिमणी साफ केलेली असेल, तर हे बघा. ब्लोअरच्या चाकाला बारीक पातींची रांग असते. त्यातल्या एखाद्या पातीवर यू आकाराची पत्र्याची छोटीशी क्लिप बसवलेली असते, नखाएवढी. चाकाचा तोल साधायला कारखान्यात ती मोजून लावतात. साफसफाई करणारा तिला तेलात अडकलेला कचरा समजून उपटतो. मग चाक एका बाजूला जड होतं आणि पूर्ण चिमणी भिंतीसकट हलायला लागते. क्लिप काढू नका, सरकवूही नका. तसंच, चाक धुवायचं तर सगळ्या पाती स्वच्छ करा. अर्ध्यावर तेलाचा थर ठेवलात तरी तोल जातोच. "ऑटो क्लीन आहे, आम्हाला धुवायला लागत नाही" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, ती सोय ब्लोअरपुरती असते. पाइपातलं तेल ती काढत नाही.

जाळी आणि झडप

कबुतरांच्या त्रासानं लोक बाहेरच्या तोंडावर मच्छरजाळी लावतात. दोन-तीन महिन्यांत तिची भोकं तेलानं आणि धुळीनं बुजतात, हवा उरलेल्या फटींतून शिट्टी वाजवत जाते. कबुतर अडवायला अर्धा-पाऊण इंच चौकटीची वेल्डेड जाळी पुरते.

पावसाळ्यात चिमणी बंद असताना रात्री टकटक होते ती बाहेरच्या झडपेची. वारा तिला उचलतो आणि आपटतो. बरेच जण वैतागून ती झडप चिकटपट्टीनं बंद करून टाकतात आणि सकाळी चिमणी लावतात, मग हवा कोंडून मोटर तापते. झडप जिथे आपटते त्या कडेला नमद्याची पातळ पट्टी चिकटवा, आणि तोंड पावसाळी वाऱ्याकडे, म्हणजे नैऋत्येकडे असेल तर त्यावर खालच्या बाजूला वाकलेली टोपी लावा.

चिमणीच्या तोंडातही प्लास्टिकच्या दोन अर्धगोल झडपा असतात. पाइप पक्का करायला तिथे स्क्रू मारला की झडप त्यावर अडते आणि अर्धवट उघडून फडफडत राहते. तिथे स्क्रू नको, पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा. खोकी पॅक करायची तपकिरी टेप नको, उष्णतेनं तिचा डिंक सुटतो. नव्या चिमणीत या झडपांवर कारखान्यातली चिकटपट्टी असेल तर ती आधी काढा. ती तशीच राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

सगळ्या खिडक्या लावून चिमणी चालवणं

चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत यायला हवी. दारं-खिडक्या घट्ट असतील तर ती सरकत्या खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत येते, नाहीतर बाथरूमच्या एक्झॉस्टमधून उलटी येते आणि सोबत वासही आणते. लोकांना वाटतं पाइपच वाजतोय. खिडकी चार बोटं उघडून बघा. फक्त चिमणीच्या अगदी शेजारची नको, तिथला वारा धूर बाजूला ढकलतो. हॉलमधली उघडा.

आणखी काही, थोडक्यात

पाइपाला बाहेरून थर्मोकोल किंवा फोम गुंडाळू नका. आवाजाला त्यानं फारसा फरक पडत नाही, आणि आग लागायला मात्र चांगलं जळण मिळतं.

चिमणीला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका. मोटर गुणगुणते आणि तापते. वेगासाठी तिच्याच बटणांचा उपयोग करा.

चिमणीची अ‍ॅल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, धातू खाल्ला जातो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

पाइप फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चौकटीला टेकलेला असेल तर सगळं छत गुणगुणतं. मध्ये बोटभर अंतर हवं, नाहीतर रबराचा तुकडा.

पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला साधे रावळ प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत घालायचे प्लास्टिकचे गुल्ले, धरत नाहीत, चिमणी हळूहळू सैल होते आणि भिंत वाजते. त्या भिंतीसाठीचे वेगळे अँकर मिळतात, तेच घ्या.

घाईघाईत फोडणी टाकून मग चिमणी थेट शेवटच्या वेगावर लावायची सवय सोडा. कढई ठेवतानाच पहिल्या वेगावर लावा, म्हणजे बहुतेक वेळा शेवटच्या वेगाची गरजच पडत नाही. स्वयंपाकानंतर पाच मिनिटं चालू राहू द्या.

आणि ज्यांचं किचन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी पाइपाचे फोटो काढा आणि प्रत्येक कोपराखाली निदान दीड बाय दीड फुटांचं उघडझाप होणारं दार ठेवायला सांगा. कारागीर म्हणेल की दिसायला वाईट दिसतं. तरी ठेवाच, नाहीतर पाइपातलं तेल काढायला पुढे छत फोडावं लागतं.