खुद्री पकडायची तर जुनं स्पेलिंग लावा

मागच्या पावसाळ्यात साडेआठशे रुपये मोजून मी ‘द रॉड इन इंडिया’ची नवी छापील प्रत मागवली. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याचं हे गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक, पहिली आवृत्ती १८७३ची. हातात आली ती कुणीतरी स्कॅनवरून मारलेली झेरॉक्स! चित्रांच्या जागी काळे डाग, चाळिसाव्या पानानंतर थेट त्रेचाळिसावं. तेच पुस्तक इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट पडलं होतं. बायको अजून विचारते, “आज केवढ्याचा मासा?”

म्हणून माशांवरची जुनी पुस्तकं शोधताना आधी अर्काइव्ह. पहिल्या निकालावर थांबू नका. एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांतून आलेल्या असतात. मी प्रत्येकीतलं चित्राचं पान उघडून बघतो, कारण घडीचं चित्र काही ठिकाणी न उलगडताच स्कॅन केलेलं असतं. मग माशाचं डोकं मिळतं, शेपूट नाही. ‘बॉरो’ असं बटण दिसलं तर ती प्रत उसनी वाचायची. तिच्या नादी लागू नका, दुसरी बघा.

आपल्या नद्यांचे मासे हवे असतील तर मात्र बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी हे प्राणी-वनस्पतींवरच्या जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय गाठा. तिथे माशाचं शास्त्रीय नाव टाकलं की ते नाव ज्या ज्या पुस्तकात आहे, त्यांची पानं समोर येतात. फक्त नाव त्या काळचं हवं. दख्खनच्या महसीर माशाला आज ‘टॉर खुद्री’ म्हणतात, ते टाकून जुनं फारसं काही लागत नाही. ‘बार्बस खुद्री’ टाका. कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला हेच नाव दिलं होतं. त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या दुसऱ्या खंडात आहे. ‘डेक्कन’ लिहून शोधाल तर हुकेल. त्याने लिहिलंय ‘डुखुन’: डी, यू, के, एच, यू, एन. पुणे म्हणजे ‘पूना’, मुळा म्हणजे ‘मोला’. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, त्यामुळे शोधताना तोच कान लावायचा. फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाचं ‘द फिशेस ऑफ इंडिया’ही (१८७५-७८) याच लायब्ररीत आहे. चित्रं बघाच.

अख्खा खंड उतरवू नका, फोन गुदमरतो. हवी ती पानं निवडून त्यांचीच पीडीएफ करता येते.

हाथीट्रस्ट, म्हणजे अमेरिकी ग्रंथालयांचा स्कॅन पुस्तकांचा साठा, सगळ्यात शेवटी. भारतातून तिथली बरीच पुस्तकं उघडतच नाहीत, आणि उघडली तरी अनेकदा एकेक पान उतरवत बसावं लागतं.

आणि फाइल उतरली की लगेच पुस्तकाचं नाव, साल आणि आवृत्ती घालून ठेवा. माझ्याकडे नुसत्या ‘डाउनलोड’ नावाच्या अकरा फाइली आहेत; त्यांतल्या एकीत मरळीचं फार देखणं चित्र आहे, कुठल्या ते रोज शोधतोय.