डॉक्टरांकडे नेण्याआधी: मूल वेळेआधीच वयात येत असेल तर

सहा-सात वर्षांच्या पोराच्या जांघेत केस दिसले, तोंडावर पुटकुळ्या आल्या, घामाला मोठ्या माणसासारखा वास यायला लागला, तर "हल्लीची मुलं लवकर वाढतात" म्हणून गप्प बसू नका. मुलींमध्ये 8 आणि मुलग्यांमध्ये 9 वर्षांच्या आत अशा खुणा दिसल्या की मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाला दाखवायचंच. क्वचित का होईना, मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत गाठ असते आणि तीच हार्मोन सोडत असते.

परळला वाडियात किंवा केईएमला निघायच्या आदल्या रात्रीच पिशवी भरा. आधी उंचीचा हिशेब. आमच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला मारलेल्या पेन्सिलच्या रेघा आहेत. शेवटच्या दोन रेघांतलं अंतर आधीच्यांच्या जवळपास दुप्पट. मी तारखांसकट फोटो काढून नेला, आणि डॉक्टर सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडेच बघत होते. लसीचं कार्ड, शाळेतली उंची-वजनाची नोंद, आईबाबांची मोजलेली उंची हेही ठेवा. कोणती खूण कोणत्या महिन्यात दिसली ते लिहून काढा.

घरातली मलमं, जेलं, पावडरी डब्यांसकट न्या. वडील टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असतील, तर ते अंगाला अंग लागूनही मुलाला बाधतं. घराण्यात कुणाला तरुणपणी कॅन्सर झाला असेल तर लपवू नका. कॅन्सर रोखणाऱ्या टीपी53 जनुकातला दोष पिढीजात असू शकतो आणि त्यात मुलांना ही अॅड्रिनलची गाठ होऊ शकते.

कॉर्टिसॉल हे अॅड्रिनलमधून येणारं हार्मोन; त्यासाठी रक्त सकाळी 8 च्या सुमारास घेतात, म्हणून लवकरची लोकल पकडा. उपाशी यायचं का, ते आधी विचारा. हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, लागलंच तर सीटी. जुन्या रिपोर्टांच्या मूळ प्रती सोबत हव्यात.

पोरालाही तयार करा. डॉक्टर खालची तपासणी करतील, अंडाकृती मण्यांच्या माळेशी वृषणांचा आकार ताडून बघतील, आई शेजारीच असेल, हे घरीच सांगा. लिंग वाढलं पण वृषण लहानच राहिले, तर संशय अॅड्रिनलकडे जातो. ही तपासणी टाळून चालत नाही.

गाठ निघालीच आणि ती कॉर्टिसॉल सोडणारी असेल, तर दुसऱ्या बाजूची ग्रंथी सुस्तावलेली असते. ऑपरेशननंतर कॉर्टिसॉलची उणीव भरायला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालतात, मनाने बंद करायच्या नाहीत. ताप-उलटीत डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, कागद फ्रिजवर लावा आणि आजीलाही वाचून दाखवा.